तंत्रज्ञान कंपनीच्या संचालक मंडळाचे नेमके काम कोणते?

प्रश्न पुण्यात सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या एका तरुण संस्थापकाचा आहे. कंपनीत पैसे घालताना गुंतवणूकदारांनी त्याला संचालक मंडळ नीट बसवण्याची अट घातली आहे. ज्यांना आपले उत्पादन, त्यामागचे तंत्रज्ञान आणि त्याची बाजारपेठ आपल्याइतकी कळत नाही, अशी माणसे तीन महिन्यांतून एकदा जमून आपल्याला मार्गदर्शन ते काय करणार, असे तो विचारतो. प्रश्न रास्त आहे. आधी कंपनी सेक्रेटरी आणि नंतर स्वतंत्र संचालक (कंपनीशी वा तिच्या मालकांशी हितसंबंध नसलेला संचालक) म्हणून अनेक वर्षे बैठकांच्या टेबलाभोवती घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, संचालकांना तंत्रज्ञान किती कळते यावर मंडळाचा उपयोग फारसा ठरत नाही. व्यवस्थापनाने गाळून दिलेल्या माहितीखेरीज आणखी किती माहिती मंडळापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचते, आणि ती पोहोचल्यावर मंडळ काय करते, यावर तो ठरतो. याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो.

१६ डिसेंबर २००८ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या संचालक मंडळाची बैठक झाली. त्या मंडळावर कोण होते ते पाहा. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते विनोद धाम, हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक कृष्णा पालेपू, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता एम. राममोहन राव, माजी कॅबिनेट सचिव टी. आर. प्रसाद आणि आयआयटी दिल्लीचे माजी संचालक व्ही. एस. राजू हे सगळे बिगर-कार्यकारी, म्हणजे कंपनीत नोकरीला नसलेले, संचालक होते. तंत्रज्ञान, व्यवस्थापनशास्त्र आणि प्रशासन या तिन्ही क्षेत्रांत यापेक्षा वजनदार नावे शोधणे कठीण होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीला उत्तम कॉर्पोरेट कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कारही मिळाला होता, जो पुढे काढून घेण्यात आला.

बैठकीपुढचा प्रस्ताव मायटास प्रॉपर्टीज ही कंपनी संपूर्णपणे आणि मायटास इन्फ्रा या कंपनीचा ५१ टक्के हिस्सा विकत घेण्याचा होता. एकूण किंमत सुमारे १६० कोटी डॉलर होती. दोन्ही कंपन्या सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी निगडित होत्या. सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या गंगाजळीतून प्रवर्तकांच्याच, म्हणजे कंपनी उभारून तिच्यावर ताबा ठेवणाऱ्यांच्याच, जमीन-बांधकामाच्या कंपन्या घ्यायच्या, असा तो सरळ व्यवहार होता. हितसंबंध असल्यामुळे राजू बंधू चर्चेपासून दूर राहिले, राममोहन राव यांनी अध्यक्षस्थान घेतले, काही संचालकांनी शंका विचारल्या आणि शेवटी ठराव एकमताने संमत झाला. नियमांच्या चौकटीत पाहिले तर प्रत्येक पायरी पाळली गेली होती. बातमी बाहेर पडताच गुंतवणूकदारांनी एवढा गदारोळ केला की काही तासांतच कंपनीला व्यवहार मागे घ्यावा लागला, आणि डिसेंबर संपण्यापूर्वी चार बिगर-कार्यकारी संचालकांनी राजीनामे दिले.

७ जानेवारी २००९ च्या पत्रात राजू यांनी स्वतःच कबुली दिली की, ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. मायटासचा व्यवहार म्हणजे खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणून ठेवण्याचा शेवटचा प्रयत्न होता, हेही त्यांनी त्याच पत्रात लिहिले. आता संचालकाच्या खुर्चीत बसून विचार करा. हा घोटाळा पकडायला संगणकशास्त्राची गरज नव्हती. एवढी रोकड कोणकोणत्या बँकांत, किती मुदतीच्या ठेवींत आहे, तिच्यावर व्याज किती मिळाले आणि त्या बँकांनी शिलकीची पत्रे थेट लेखापरीक्षकांकडे पाठवली आहेत का, एवढे तीन-चार प्रश्न पुरेसे होते. लेखापरीक्षकांनी बँकांकडून स्वतंत्रपणे खातरजमा करून घेण्याऐवजी कंपनीच्याच माणसांनी हाती दिलेली पत्रे धरून चालल्याचे नंतर तपासात पुढे आले. ज्याची तपासणी करायची त्याच्याच हातून पुरावा घ्यायचा, ही त्या सगळ्या प्रकरणातली मूळ खोट होती, आणि ती लेखापरीक्षकांइतकीच, हिशेबांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या लेखापरीक्षण समितीचीही होती. राजू कुटुंबाने आपले शेअर तारण ठेवून कर्जे उचलली होती, हेही बाजाराला उशिरा समजले. त्यानंतर लगेच, जानेवारी २००९ मध्ये, सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, प्रवर्तकांनी तारण ठेवलेल्या शेअरची माहिती जाहीर करणे बंधनकारक केले.

या कथेचा दुसरा अर्धा भाग फार थोड्या लोकांच्या लक्षात राहतो आणि मला तो पहिल्या अर्ध्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. केंद्र सरकारने जुने मंडळ बरखास्त करून किरण कर्णिक, दीपक पारेख आणि सी. अच्युतन यांना नेमले. थोड्याच दिवसांत तरुण दास, टी. एन. मनोहरन आणि एस. बी. मैनाक यांची भर पडली. पन्नास हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचे पगार, धास्तावलेले परदेशी ग्राहक आणि विश्वास ठेवता येईल असा एकही ताळेबंद हाताशी नाही, अशा अवस्थेत त्यांनी काम सुरू केले. बँकांकडून पैसे उभे केले, ग्राहकांना धीर दिला, कंपनीतल्याच ए. एस. मूर्ती यांना मुख्य कार्यकारी अधिकारी केले आणि विक्रीची खुली बोली लावली. १३ एप्रिल २००९ रोजी टेक महिंद्राची शेअरमागे ५८ रुपयांची बोली मंजूर झाली. म्हणजे तीन महिन्यांच्या आसपास एक मंडळ बुडती कंपनी पुण्याच्या कंपनीच्या हाती सुखरूप सोपवून मोकळे झाले. या सहा जणांपैकी कोणीही सॉफ्टवेअरचे अभियंता म्हणून तिथे नेमलेला नव्हता. त्यांच्यापैकी बहुतेकांना बँक, कायदा, हिशेब आणि विमा या गोष्टी कळत होत्या, त्यांनी रोजच्या रोज वेळ दिला, आणि पहिल्या दिवसापासून कोणत्याही कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवला नाही.

सत्यमनंतर कायदा बदलला. २०१३ च्या कंपनी कायद्यात संचालकांची कर्तव्ये कलम १६६ मध्ये प्रथमच नेमकेपणाने लिहिली गेली. सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र असावेत, हे कायद्यातच आले; अध्यक्ष कार्यकारी किंवा प्रवर्तकांपैकी असेल तर निम्मे स्वतंत्र असावेत, हा सेबीचा नियम आधीपासून होताच. संबंधित पक्षांशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारांत हितसंबंध असलेल्या भागधारकांच्या मतांवर बंधन आले. हे सगळे आवश्यकच होते. तरीही सत्यमच्या मंडळावर स्वतंत्र संचालकांचे बहुमत त्या काळीही होते, ही गोष्ट नियम वाचताना सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

इन्फोसिसचे प्रकरण अगदी वेगळ्या जातीचे आहे. १९८१ मध्ये पुण्यात नोंदलेली ही कंपनी भारतात उत्तम कारभाराचा मापदंड मानली जाई. संस्थापक नारायण मूर्ती यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००३ मध्ये सेबीला कॉर्पोरेट कारभारावर अहवाल दिला होता. २०१४ मध्ये विशाल सिक्का संस्थापकांबाहेरचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. २०१५ मध्ये पनाया ही इस्रायली कंपनी २० कोटी डॉलरना घेतली गेली, आणि त्याच वर्षी मुख्य वित्त अधिकारी राजीव बन्सल बाहेर पडताना त्यांना १७.३८ कोटी रुपये देण्याचे ठरले. त्यातले सुमारे ५ कोटी दिल्यावर उरलेली रक्कम थांबवण्यात आली. एवढी रक्कम का ठरवली आणि मग का थांबवली, याचे पटेल असे उत्तर मंडळाने वेळेवर दिले नाही, आणि संशयाला तिथूनच वाव मिळाला. संस्थापकांची जाहीर टीका वाढत गेली. १८ ऑगस्ट २०१७ रोजी सिक्का यांनी राजीनामा दिला, मंडळाने त्याचा दोष उघडपणे मूर्ती यांच्यावर ठेवला, आणि त्या दिवशी शेअरचा भाव सुमारे साडेनऊ टक्क्यांनी कोसळला. आठवडाभरात अध्यक्ष आर. शेषशायी यांच्यासह काही संचालक पायउतार झाले आणि नंदन निलेकणी बिगर-कार्यकारी अध्यक्ष म्हणून परतले. पनाया व्यवहारात गैर काही आढळले नाही, असेच पुढेही मंडळाने जाहीर केले.

या प्रकरणात पैशांचा अपहार सिद्ध झाला नाही, तरी कंपनीची उणीपुरी सहा-सात महिन्यांची शक्ती वादात खर्ची पडली. माझ्या मते मंडळाची चूक दोन ठिकाणी झाली. निर्णयामागची कारणे तेव्हाच आणि पूर्णपणे सांगितली गेली नाहीत, आणि वाद चिघळल्यावर संस्थापकाशी जाहीर निवेदनांतून बोलणे सुरू झाले. संस्थापकाचा हिस्सा कमी झाला तरी त्याचा शब्द बाजारात वजनदारच राहतो, हे मंडळाने गृहीत धरून चालायचे असते. त्याच कंपनीत २०१९ मध्ये नव्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांवर निनावी तक्रारी झाल्या तेव्हा लेखापरीक्षण समितीने बाहेरच्या कायदेतज्ज्ञांकडून चौकशी करून घेतली, जानेवारी २०२० मध्ये आरोपांना पुरावा नसल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि विषय मिटला.

माहिती मंडळापर्यंत न पोहोचण्याचे तंत्रज्ञान क्षेत्रातले आणखी एक ठळक उदाहरण याहूचे आहे. २०१४ मध्ये कोट्यवधी खात्यांची माहिती चोरीला गेली, कंपनीच्या सुरक्षा विभागाला ते त्याच वर्षी कळले होते, पण जगाला ते सप्टेंबर २०१६ मध्ये, व्हेरायझन या दूरसंचार कंपनीशी विक्रीचा करार झाल्यानंतर, सांगण्यात आले. परिणामी विक्रीची किंमत ३५ कोटी डॉलरने उतरली आणि अमेरिकेच्या बाजार नियामकाने नंतर ३.५ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. ओपनएआयमध्येही हाच धागा दिसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या मंडळाने मुख्य कार्यकारी अधिकारी सॅम आल्टमन हे मंडळाशी पुरेशा मोकळेपणाने वागत नाहीत असे सांगून त्यांना काढले, आणि पाच दिवसांत त्यांना परत घ्यावे लागले. चॅटजीपीटी बाजारात आल्याचे आम्हांला ट्विटरवरून कळले, असे त्या मंडळावरच्या हेलन टोनर यांनी पुढे सांगितले. मंडळाची तक्रार खरी असेलही. पण ज्या मंडळाला कंपनीचे सर्वांत मोठे उत्पादन बाजारात आल्यावर कळते, त्याने त्याच दिवशी बैठक बोलावून माहिती कशी आणि कोणामार्फत येईल हे लिहून ठरवायला हवे होते. वर्षभराने अचानक मुख्य कार्यकारी अधिकारी असलेल्या सह-संस्थापकाला काढायचे, कर्मचारी आणि मायक्रोसॉफ्टसारखा मोठा गुंतवणूकदार यांना कारण सांगायचे नाही, आणि सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी सोडून जाण्याचा इशारा दिल्यावर मागे फिरायचे, यात कायदेशीर अधिकार पूर्णपणे हाती असूनही मंडळाची पत गेली.

मग मार्गदर्शन म्हणजे काय? तंत्रज्ञानाच्या दिशेवर मंडळाचा खरा परिणाम मुख्य कार्यकारी अधिकारी निवडताना होतो. मायक्रोसॉफ्टच्या मंडळाने २०१३ मध्ये नोकियाचा मोबाइल व्यवसाय विकत घ्यायला मान्यता दिली, आणि जुलै २०१५ मध्ये त्यापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत दाखवावे लागले. तेच मंडळ ऑगस्ट २०१३ पासून मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह बाल्मर यांचा वारस शोधत होते. मंडळावरचे संचालक जॉन थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली कित्येक महिने चाललेल्या त्या शोधाच्या शेवटी, ४ फेब्रुवारी २०१४ रोजी, सत्या नडेला यांची निवड झाली आणि कंपनीने क्लाउडकडे निर्णायक वळण घेतले. उत्पादन निवडण्यात चुकलेल्या मंडळाने माणूस मात्र अचूक निवडला. तुमच्या मंडळाकडून कोणता सॉफ्टवेअर आराखडा वापरावा याचे उत्तर मागू नका, पण तुम्ही उद्या अंथरुणाला खिळलात तर कंपनी कोण चालवेल, याचे उत्तर त्याने दरवर्षी तुमच्याकडून मागितले पाहिजे.

दुसरे काम प्रश्न विचारण्याचे आहे, आणि इथे तांत्रिक अज्ञान आड येत नाही. सायबर सुरक्षेच्या सादरीकरणात पडदाभर हिरवे दिवे दाखवले जातात. त्यातून संचालकाला काही कळत नाही. त्याऐवजी मी सुरक्षा प्रमुखाला विचारतो की, शेवटचा बॅकअप प्रत्यक्ष परत उतरवून कधी पाहिला आणि किती तास लागले? नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश किती दिवसांनी बंद झाला? ग्राहकांचा विदा (डेटा) थेट वाचू शकणारी माणसे किती, आणि त्यांची यादी कोण तपासतो? या प्रश्नांना आकड्यात उत्तर आले की चर्चा पुढे जाते. 'बघून सांगतो' असे उत्तर आले, तर तेच त्या दिवसाचे सर्वांत उपयुक्त उत्तर असते. आपल्याकडे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला कळवावी लागते, वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि सेबीने सूचीबद्ध कंपन्यांच्या जोखीम व्यवस्थापन समितीच्या कामात सायबर सुरक्षेचा स्पष्ट उल्लेख केला आहे. त्यामुळे हे विषय आयटी विभागावर सोडून देता येत नाहीत.

उत्पन्नाच्या बाबतीतही तसेच. सॉफ्टवेअर कंपनीत वर्षाचे शुल्क आगाऊ घेतले जाते आणि ते उत्पन्नात कधी धरायचे यावर नफ्या-तोट्याचे चित्र पालटते. ऑनलाइन शिकवण्या देणाऱ्या बायजूजचे २०२०-२१ चे हिशेब वर्ष संपल्यावर सुमारे दीड वर्षाने, सप्टेंबर २०२२ मध्ये आले, आणि त्यात ४,५८८ कोटी रुपयांचा तोटा निघाला. उत्पन्न धरण्याची पद्धत हा त्या विलंबामागचा एक कळीचा मुद्दा होता. जून २०२३ मध्ये लेखापरीक्षक डेलॉइट बाहेर पडली, गुंतवणूकदारांचे तिघे संचालकही बाहेर पडले आणि मंडळावर संस्थापक, त्यांच्या पत्नी आणि त्यांचे बंधू एवढेच उरले. हजारो कोटींची गुंतवणूक घेतलेल्या कंपनीच्या मंडळावर एकही स्वतंत्र माणूस नसावा, याचे मला आजही वाईट वाटते, कारण एका कणखर लेखापरीक्षण समितीने पहिल्या वर्षाच्या विलंबालाच सगळे थांबवून हिशेब आधी पुरे करायला लावले असते.

तुमची कंपनी खासगी असल्यामुळे बहुधा कायद्याने स्वतंत्र संचालक सक्तीचा नाही. तरीही एक तरी घ्या, आणि तो तुमचा वर्गमित्र किंवा गुंतवणूकदाराचा स्नेही नसावा. ज्याने ताळेबंद आयुष्यभर वाचले आहेत आणि ज्याचे पोट तुमच्या मानधनावर अवलंबून नाही, असा माणूस शोधा. गुंतवणूकदाराने नेमलेला संचालकही कायद्याने कंपनीच्या हिताला बांधलेला असतो, नेमणाऱ्या फंडाच्या हिताला नव्हे. हे त्याला पहिल्याच बैठकीत मोकळेपणाने सांगावे. बैठकीचे कागद सात दिवस आधी द्या. रात्री अकराला शंभर पानांचे सादरीकरण पाठवून सकाळी दहाला मंजुरी मागणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे, आणि तिच्यात संचालकाला वाचूच न देण्याचा हेतू नसला तरी परिणाम तोच होतो. वित्त प्रमुख, अंतर्गत लेखापरीक्षक आणि सुरक्षा प्रमुख यांना तुमच्या अनुपस्थितीत मंडळाशी बोलण्याची वेळ ठरवून द्या. संस्थापकाला हे सुरुवातीला खटकते, मला त्याची कल्पना आहे. पण तुमच्या देखत जे बोलले जात नाही ते कळण्याचा तुम्हांलाही दुसरा मार्ग नाही.

इतिवृत्ताबद्दल विशेष काळजी घ्या. 'सविस्तर चर्चेनंतर ठराव संमत' या एका ओळीत संपणारे इतिवृत्त उद्या कोणाच्याच कामाचे नसते. कोणी काय विचारले, कोणता कागद पाहिला, कोणी विरोध नोंदवला, हे त्यात आले पाहिजे. संचालकाला आपला विरोध नोंदवून घेण्याचा अधिकार आहे आणि कंपनी सेक्रेटरीने तो गाळता कामा नये. नातेवाइकांच्या कंपनीशी कोणताही व्यवहार असेल, अगदी कार्यालयाच्या भाड्याचा असला, तरी त्याचा दर बाहेरच्या दराशी ताडून त्याचा कागद इतिवृत्तासोबत ठेवा.

एक गोष्ट मतांच्या वाट्याबद्दल. अमेरिकेत मेटासारख्या कंपनीत संस्थापकाकडे निम्म्याहून अधिक मते असल्यामुळे तिथले मंडळ त्याला अडवू शकत नाही, फार तर समजावू शकते. सेबीनेही २०१९ पासून तंत्रज्ञान कंपन्यांच्या संस्थापकांना जादा मताधिकाराचे शेअर ठेवून सूचीबद्ध होण्याची वाट खुली केली, पण एका शेअरला जास्तीत जास्त दहा मते आणि पाच वर्षांची मुदत, जी भागधारकांच्या संमतीने आणखी एकदा वाढवता येते, अशी मर्यादा घातली. मला ही मर्यादा योग्य वाटते, आणि खासगी असतानाही संस्थापकाने तशीच मुदत स्वतःच्या करारात लिहून घ्यावी असे मी सुचवेन.

शेवटी, तुमच्या मंडळावर येणाऱ्या माणसाला मी जे सांगतो ते तुम्हांलाही सांगून ठेवतो. मागितलेली माहिती दोन बैठका उलटूनही मिळाली नाही तर तिसऱ्या बैठकीत ती लेखी मागावी, आणि तरीही मिळाली नाही तर राजीनामा द्यावा. त्या राजीनाम्यात 'वैयक्तिक कारणास्तव' असे लिहू नये. कलम १६८ प्रमाणे कारणांसह राजीनाम्याची प्रत संचालकाला स्वतः कंपनी निबंधकांकडे पाठवता येते. सूचीबद्ध कंपनीच्या स्वतंत्र संचालकाने तर सविस्तर कारणे देऊन त्यांखेरीज दुसरे महत्त्वाचे कारण नाही अशी खात्रीही द्यावी लागते. असे लेखी कारण देऊ शकेल अशा माणसालाच तुम्ही मंडळावर बोलवा.